कुंडलिकच्या हलगीची विभूती

कुंडलिकचं तोंड खराब, हे त्याच्या गल्लीपासून चिंचोळी एमआयडीसीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तरी माणसं त्याला धरून होती, कारण हात चांगला होता. गळ्यात हलगी अडकवून तो तालमीच्या दारात उभा राहिला आणि पहिलं टिपरू पडलं, की म्हाताऱ्यांचे गुडघे दुखायचे थांबत आणि पोरांच्या पायांना खाज सुटे. लेझमा आपोआप हातात येत. मग तो म्हणणार, "नाचा मुडद्यांनो, फुकट हाय." एवढं झालं की गणपतीची मिरवणूक निघाली असं समजायचं.

मूळचा करमाळा तालुक्यातला. घरची जमीन भावकीत वाटून वाटून अशी उरली होती, की म्हैस आडवी झोपली तर शेपूट चुलत्याच्या रानात जायची. म्हणून तो सोलापुरात आला, चिंचोळीच्या एका कारखान्यात लागला आणि तयार झालेले लोखंडी भाग पेटीत भरून पेट्या उचलण्यात त्याची उमर गेली. पण काय करतोस असं विचारलं तर कारखान्याचं नाव कधी तोंडातून यायचं नाही. हलगी वाजवतो म्हणायचा. बाकीचं पोटासाठी.

ही विद्या त्याला कमलाभवानीच्या यात्रेत भेटलेल्या एका म्हाताऱ्या गुरूनं दिली. गुरू हलगीला कातडं चढवायला बसला की खोलीचं दार आतून लावून घ्यायचा. कुणी बघायचं नाही, बाईमाणसाची तर सावली पडायची नाही. आता खरं सांगायचं तर आत बहुतेक बाटली असायची. कुंडलिकनं गुरूची बाटली काही उचलली नाही, दार तेवढं उचललं. तालमीच्या मागं एक पत्र्याची खोली होती, तिथं तो वर्षातून एकदा स्वतःला कोंडून घ्यायचा आणि बाहेर यायचा तो नवं कातडं चढवलेली हलगी घेऊनच. त्याची एकुलती एक लेक पिंकी लहानपणी त्या पत्र्याला कान लावून बसायची. त्यानं तिला कितीदा हाकलली त्याचा हिशेब नाही.

तर अशा ह्या कुंडलिकचा डावा खांदा गेला. आयुष्यभर दिवसा पेट्या आणि सणासुदीला लोखंडी कड्याची हलगी, खांद्यानं तरी किती सोसावं. डॉक्टरनं हात धरून वर उचलून बघितला तेव्हा कुंडलिकनं अशी शिवी हासडली की बाहेर बसलेला एक पेशंट बरा होऊन घरी गेला म्हणतात. डॉक्टर म्हणाले वजन उचलायचं नाही, आणि जाता जाता रक्तदाबही निघाला म्हणून मीठ बंद. कुंडलिकची बायको बजाबाई हिनं मिठाचं मनावर घेतलं. वजनाचं कुणी मनावर घ्यावं असा प्रश्न पडला.

तो महेश्वरनं सोडवला. महेश्वर तालमीचा लेझीमप्रमुख, दिवसा बँकेत कारकून, संध्याकाळी गळ्यात शिट्टी घालून सरसेनापती. माणूस वाईट नव्हता. त्यानं मोठ्या प्रेमानं सुचवलं, की आता कुंडलिकरावांनी मिरवणुकीत ट्रॅक्टरवर बसून वाजवावं, वर सावलीला मंडप टाकू, पाण्याची बाटली ठेवू.

"मी काय गणपती हाय व्हय, ट्रॅक्टरवर बसाया? मग शेवटाला तलावात बी बुडवा की मला."

महेश्वर हसला, सगळे हसले, कुंडलिकही हसला. पण घरी येऊन जेवायला बसला तेव्हा घास घशाखाली उतरेना. बजाबाईला वाटलं अळणी आमटीमुळं. तो म्हणाला आमटीचं काही नाही. एकदा का माणसाला बसवलं की त्याला परत कुणी उठवत नाही, असं त्यानं कारखान्यात बघितलं होतं. आधी स्टुलावर, मग गेटवर, मग घरी, मग भिंतीवर फोटोत. हलगी चालत वाजवायची असते. पुढं लेझीम झुलतेय, पाय रस्त्यावर पडतायत, त्या पायांतनं ताल वर येतो. बसून तर कुणीही पत्रा बडवतं. तो भ्याला होता आणि बायकोला त्यानं तसं सरळ सांगितलं. बजाबाईनं त्याच्या आमटीत गुपचूप चिमूटभर मीठ टाकलं.

हे सगळं पिंकी ताटावर बसून ऐकत होती.

पिंकी धातूचं शिकली होती आणि शहराबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत संशोधनाच्या कामावर होती. वरद सर म्हणून तिचे साहेब होते, त्यांच्या हाताखाली ती मॅग्नेशियमच्या पट्ट्या जोडायची. ह्या जोडकामाला फ्रिक्शन स्टर वेल्डिंग म्हणतात. कुंडलिकला ते नाव कधी म्हणता आलं नाही, पण प्रकार मात्र लगेच कळला. दोन पट्ट्या शेजारी शेजारी घट्ट आवळायच्या, त्यांच्या सांध्यात एक कठीण पोलादी खुंटी गरागरा फिरवत घुसवायची आणि तशीच फिरवत पुढं न्यायची. घासून घासून धातू तापतो, लोण्यासारखा मऊ होतो, पण वितळत नाही. खुंटी इकडचा धातू तिकडं आणि तिकडचा इकडं ढवळते आणि मागं अखंड जोड सोडत जाते. ठिणगी नाही, धूर नाही. कुंडलिक म्हणाला, म्हणजे दोन भावांची वाटणी उलटी फिरवायची. पिंकी म्हणाली, तसंच समजा.

पण ह्या मॅग्नेशियमची एक खोड होती. हलकं म्हणावं तर लोखंडाच्या पाव वजनाचं, आणि मिठाच्या पाण्याशी हाडवैर. पिंकीचं निम्मं काम तेच होतं. जोडलेल्या पट्ट्या मिठाच्या पाण्याच्या बरण्यांत बुडवून ठेवायच्या आणि त्या कुठं, कशा, किती सडतात ते बघत बसायचं. कुंडलिकला ह्या धातूविषयी पहिल्याच दिवशी आपुलकी वाटली. त्यालाही मिठाचं पथ्य होतं.

ट्रॅक्टरचं ऐकल्यावर पिंकीनं वरद सरांना विचारलं. एका जुन्या चाचणीतली लांब पट्टी कोपऱ्यात पडून होती. सर म्हणाले, घे, गोल कडं जोडता आलं तर मलाही बघायचंय. पिंकीनं पट्टीचे तुकडे केले, एकेक तापवून हळूहळू वाकवला, दोन्ही टोकं अंगाला अंग लावून शिकंज्यात आवळली आणि सांध्यातून खुंटी फिरवली. दोन कडी बिघडली. तिसरं जमलं. त्याला आतून-बाहेरून जाड रंगाचा थर दिला आणि श्रावणात एका संध्याकाळी ते बापाच्या हातात ठेवलं.

कुंडलिकनं कडं एका बोटावर तोललं, मग डाव्या हातानं वर उचललं. खांद्याच्या वर. डोक्याच्याही वर. बजाबाई बघतच राहिली, कारण त्या हातानं त्याला सदऱ्याची गुंडी लावता येत नव्हती. काहीतरी चांगलं बोलायला पाहिजे होतं, पण त्याला सवय नव्हती.

"चोरीचं तर न्हाय न्हवं?" असं म्हणाला आणि तोंड फिरवलं.

पिंकीनं तीन अटी घातल्या. ह्याला पाणी लागू द्यायचं नाही. मीठ लागू द्यायचं नाही. आणि जाळाजवळ न्यायचं नाही. कुंडलिक व्हय व्हय म्हणाला, आणि त्याला खोटं बोलल्यासारखं वाटायचं कारणच नव्हतं. हलगी पावसात न्यायची नाही, जेवताना जवळ ठेवायची नाही, चुलीवर टांगायची नाही, एवढं त्याला समजलं. कडं म्हणजे काही हलगी नव्हे. पथ्य हलगीला असतं. हलगी व्हायच्या आधी कड्याला कसलं आलंय पथ्य?

आणि तो पत्र्याच्या खोलीत शिरला, दार लावून घेतलं आणि हलगी केली. हलगी कशी करतात? बोकडाचं मीठ लावून राखलेलं कातडं असतं. ते पाण्यात भिजत घालायचं, केस काढायचे आणि ओलं कच्च असतानाच कड्यावर ताणायचं. कडेला चिंचोक्याची खळ लावायची. रंगावर खळ धरत नाही, म्हणून कुंडलिकनं पिंकीचा रंग आधी पॉलिशपेपरनं घासून काढला. लेकीनं केलेलं म्हणून जास्तच निगुतीनं घासला, एक ठिपका ठेवला नाही. मग सगळं आवळून बांधलं आणि वाळत टाकलं. ओल्या कातड्याखालून बारीक सुरसुर ऐकू येत होती, कडेला बुडबुडे येत होते. कुंडलिकनं कान लावला. इतक्या वर्षांत कुठलंही कडं असं बोललं नव्हतं. त्याला वाटलं, हलगीत जीव आला.

राहिला तिसरा पदार्थ, जाळ. तर हलगी वाजवायच्या आधी कागद पेटवून त्याच्या धगीवर कातडं शेकावंच लागतं, नाहीतर आवाज बसतो. ते तर तो रोजच करायचा.

पण आवाज काय आला म्हणता! सरावाच्या पहिल्या संध्याकाळी कुंडलिकनं तालमीच्या अंगणात फेरी धरली आणि सोडेचना. पोरं दमून खाली बसली, महेश्वरच्या शिट्टीत थुंकी साठली, तरी ह्याचं आपलं चालूच. खांदा दुखत नव्हता. ट्रॅक्टरवाल्याला त्यानं स्वतः निरोप धाडला, की तुझ्या गाडीवर आता तुझ्या सासऱ्याला बसव. घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या. पिंकीनं हलगी बघू द्या म्हणून विचारलं, तर म्हणाला तालमीत ठेवलीय, मिरवणुकीत बघ. तिनं जोर केला नाही. बाप खुशीत होता आणि हे घरात वरचेवर घडणारं नव्हतं.

गणपती बसले त्या सुमारास तालमीचा राखणदार शिवप्पा ह्याला खुंटीला टांगलेल्या हलगीखाली पांढरी भुकटी पडलेली दिसली. वर बघितलं तर कड्याला एका जागी, जोडापाशी, पांढरा मऊ थर फुललेला. शिवप्पा कपाळावर तीन बोटं ओढल्याशिवाय चहाही न पिणारा माणूस. त्यानं हात जोडले. मग कुंडलिकला बोलावून दाखवलं आणि म्हणाला, हलगीला विभूती सुटली.

कुंडलिकनं त्याला खुळ्यात काढलं. कातड्यातलं मीठ फुललं असेल म्हणून त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. पुन्हा पुसली, पुन्हा आली. शिवप्पानं एक चिमूट कपाळाला लावली आणि एक, राहवलं नाही म्हणून, जिभेवर टाकली. आता ह्या शिवप्पाला पित्ताचा असा त्रास, की जेवण झालं की छातीवर हात ठेवूनच बोलायचा. त्या दिवशी त्यानं शेंगाचटणी भाकरीबरोबर चोपून खाल्ली आणि छातीत काही म्हणजे काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं आणखी थोडी खाल्ली, तर पोटही असं साफ झालं की गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं. शिवप्पा रडला.

मग काय विचारता. आरतीनंतर तालमीत रांग लागायला लागली. बायका तान्ही पोरं घेऊन यायच्या, शेजारची शरणम्मा सकाळी आंघोळ करून यायची. प्रत्येकजण नखानं चिमूटभर खरवडून न्यायचा आणि गंमत अशी, की जितकी खरवडावी तितकी विभूती जास्त येई. महेश्वरनं फळ्यावर लिहून टाकलं, की विसर्जन मिरवणुकीत विभूतीची हलगी सर्वांत पुढं राहील.

आणि कुंडलिक? आयुष्यभर बुवाबाबांना लुच्चे म्हणत आलेला माणूस तो. पहिले दोन दिवस हसला. तिसऱ्या दिवशी एका म्हातारीनं त्याच्या हातांना डोळे लावले तेव्हा त्याला मागं सरकवेना. पुढच्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून गेला. शिव्या कमी झाल्या. बजाबाईनं दोनदा कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं. स्वतःवरच तो मनातून चिडत होता, पण ज्या माणसाला ट्रॅक्टरवर टाकायला निघाले होते, त्याच्या आता पाया पडत होते. ते सोडवत नव्हतं, हे खरंच आहे.

ह्या दिवसांत पिंकी पहाटे जाऊन रात्री येत होती, तालमीतलं तिच्या कानावर काही आलं नव्हतं. विसर्जनाच्या आदल्या दिवशी ती जरा उशिरा कामावर निघाली. शरणम्मानं दारातच तिला अडवलं आणि कपाळाला अंगठ्यानं पांढरं ओढलं. बापाच्या हलगीतली विभूती आहे, परीक्षेत पास होशील म्हणाली. पिंकीनं बोटावर घेऊन ती भुकटी बघितली. ही पांढरी भुकटी ती रोज बरण्यांच्या तळाशी बघत होती, पट्ट्यांवरून खरवडून कागदात बांधून ठेवत होती. ती कामावर गेली नाही. तशीच पळत तालमीत गेली.

तालमीत सजावट चालली होती. कुंडलिक होता, महेश्वर होता, शिवप्पा होता, आणखी दहाबारा जण. पिंकीनं कुणाला न विचारता खुंटीवरची हलगी काढली. सगळ्यांचे हात थांबले, कारण ह्या तालमीत बाई हलगीला हात लावत नाही. ती उजेडात नेऊन कडं फिरवून फिरवून बघत होती.

"आबा, कातडं कसं चढवलं?"

"चढवत्यात तसंच."

"म्हंजे कसं?"

आता भरल्या तालमीत गुरूची विद्या सांगायची पाळी आली. कुंडलिकनं खाली बघत सांगितली. मिठाचं कातडं, भिजवणं, रंग घासणं, खळ, वाळवणं आणि रोजचं शेकणं. एकेक गोष्ट ऐकताना पिंकी डोळे मिटून घेत होती. शेकण्यापाशी तिनं त्याचा हात ओढून तळवा भाजलाय का ते बघितलं. हा धातू बारीक भुकटी होऊन पेटला तर पाणी टाकूनही विझत नाही, हे ती त्याला सांगायची विसरली होती. जाळाजवळ नेऊ नका एवढंच म्हणाली होती.

"मी सांगितलं होतं, पानी न्हाय, मीठ न्हाय, जाळ न्हाय," ती म्हणाली. कॉलेजात जपून ठेवलेली भाषा गेली, घरची आली.

"आगं, ते हलगी झाल्यावर. आन् हलगी ह्या तिनाबिगर होतीच न्हाय. तू आधी इचारायचं न्हाय का मला?"

"इचाराया आलते की. ल्हानपनापासनं येतीया. तुमी दार लावून घेता."

पिंकीनं अंगठा जोडाच्या बाजूला टेकवला आणि दाबला. फार जोर लावला नव्हता. कडं शिळ्या पापडासारखं तुटलं आणि कातडं सैल होऊन लोंबलं. शिवप्पानं कानांना हात लावले. पिंकी मात्र तुटलेल्या टोकाकडं बघत राहिली आणि क्षणभर तिच्या तोंडावर, काय सांगावं, चक्क समाधान दिसलं. जोड जसाच्या तसा होता. ढवळलेल्या जागी धातूचे कण बारीक होऊन एकजीव होतात, तिथं मीठ जरा दमानं लागतं. पण त्याला लागून जो पट्टा असतो, जो धड ढवळला गेला नाही आणि धड जुनाही राहिला नाही, त्याला मिठानं दोन्हीकडून पोखरलं होतं. तिच्या बरण्यांत असंच दिसायचं. न राहवून ती म्हणाली, की जोडाला काही झालं नाही.

"घर जळालं," कुंडलिक म्हणाला, "आन् ही म्हनती कडीकोयंडा शाबूत हाय."

मग पिंकीनं विभूतीचंही सांगितलं. पित्तावर पांढरं दुधासारखं औषध मिळतं, त्यात मुख्य हेच असतं आणि पोट साफ करायलाही तेच देतात. शिवप्पानं पोटाला हात लावून बघितला. पण ही हलगीची भुकटी कुणी खायची नाही, ह्यात आणखी काय काय असतं, असं तिनं बजावलं.

महेश्वर हुशार माणूस. त्यानं सगळ्यांना जवळ बोलावलं आणि आवाज उतरवून सांगितलं, की ही गोष्ट ह्या भिंतींच्या आत राहू द्या. उद्या अख्खी पेठ विभूतीच्या हलगीची वाट बघणार आहे. कडं तारेनं बांधू, फुलांनी झाकू आणि ट्रॅक्टरवर चौरंग मांडून कुंडलिकरावांना मांडीवर हलगी घेऊन बसवू. वाजवायचं कामच नाही, लोक दर्शन घेतील. तालमीचं नाव होईल आणि कुंडलिकरावांचाही मान राहील. सगळ्यांनी माना हलवल्या. कुंडलिकच्या डोळ्यांसमोर ते चित्र आलं. हार, चौरंग, पाया पडणाऱ्या बायका. खांद्याला काही त्रास नाही. मान तर असा, की जन्मात मिळाला नसता.

तो उठला आणि दारात आला. बाहेर रांगेतली माणसं उभी होती.

"जावा घरी," तो मोठ्यानं म्हणाला. "विभूती न्हाय नि काय न्हाय. माझ्या येडेपनाचा गंज हाय त्यो. लेकीनं बजावून दिलेली वस्तू मी मिठात घातली. जावा."

माणसं लगेच गेली नाहीत. एक बाई म्हणाली, असू दे, थोडी द्या तरी. तेव्हा कुंडलिकनं गेल्या आठवड्यातल्या राहून गेलेल्या सगळ्या शिव्या एकदम दिल्या, आणि अंगण मोकळं झालं. महेश्वर कपाळाला हात लावून खाली बसला.

आत येऊन कुंडलिकनं माळ्यावरची जुनी लोखंडी हलगी काढली. पट्टा गळ्यात घातला. एक फेरी वाजवली, बरी वाजली. दुसऱ्या फेरीत डावा हात घसरला, हलगी मांडीवर आदळली. त्यानं ती परत उचलली. परत घसरली. कुंडलिकच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते दुखण्याचं आहे असं म्हणायलाही त्याला सुचलं नाही. बसवणार आता आपल्याला, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

पिंकी पुढं आली. तिनं त्याच्या मानेतून पट्टा काढला आणि स्वतःच्या गळ्यात घातला, ओढणी कमरेला खोचली आणि हलगी पोटाशी तिरपी धरून त्याच्या पुढ्यात उभी राहिली. महेश्वर म्हणाला, असं कुठं असतंय का? पिंकीनं त्याच्याकडं बघितलंही नाही. ती बापाच्या हातातल्या टिपऱ्याकडं बघत होती. गुरूची विद्या, बाईची सावली, तालमीची रीत हे सगळं कुंडलिकच्या घशापर्यंत आलं होतं. मग तो म्हणाला, जरा वर धर.

दुसऱ्या दिवशी नव्या पेठेतून मिरवणूक निघाली. पुढं लेझीम, तिच्या पुढं पिंकी आडवी आडवी चालत होती आणि तिच्या बरोबरीनं चालत कुंडलिक तिच्या गळ्यातली हलगी वाजवत होता. डाव्या हाताला भार नाही, खांद्यावर काही नाही. दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं दाटली होती. कापडाच्या दुकानातला एकजण ओरडला, कुंडलिकनं ह्या साली स्टँड आणलंय. त्याला त्याच्या खानदानासकट उत्तर मिळालं आणि दुकानातली गिऱ्हाइकं खूश झाली. बजाबाई फुटपाथवर उभी होती. ती मागून चालायला लागली.

चौक ओलांडल्यावर कुंडलिकचं लक्ष लेकीच्या मानेकडं गेलं. पट्ट्यानं लाल वळ उठला होता. हलगी तिच्या पोटावर आदळत होती, ती ओठ दाबून चालत होती. ह्या हलगीचं वजन इतक्या वर्षांत त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

"जड हाय का गं?" वाजवता वाजवता त्यानं विचारलं.

"लई जड हाय."

"मग दे हिकडं."

"दिऊन काय करनार तुमी?" ती म्हणाली. "वाजवा."

त्याचे डोळे असे भरले, की पुढचं काही दिसेना. दोन्ही हात गुंतलेले, पुसणार कशानं? पिंकीनं एका हातानं हलगी सांभाळली, दुसऱ्या हातानं ओढणीचं टोक घेऊन त्याचे डोळे पुसले.

"आबा," ती हळूच म्हणाली, "ताल चुकतोय."

खरंच चुकत होता. मागच्या लेझीमवाल्यांपैकी कुणाला कळलं नव्हतं, महेश्वरला कळलं नव्हतं. ही कधी शिकली, असं त्याच्या तोंडावर आलं आणि तिथंच राहिलं, कारण ही बंद दाराबाहेर बसून शिकली हे त्याला ठाऊक होतं. त्यानं ताल धरला आणि ती पुढं चालायला लागली.